स्मार्टफोन : यंत्रांगे व विद्युत् घटमाला

संभाषणाबरोबरच संगणकाची बहुतेक कामे करू शकणाऱ्या, खिशात मावणाऱ्या बिनतारी दूरध्वनी उपकरणास स्मार्टफोन म्हणतात. प्रक्रियक (आज्ञांनुसार गणिती व तार्किक क्रिया करणारा भाग), स्मृती, स्पर्शसंवेदी पडदा, रेडिओ प्रेषक व ग्राही, कॅमेरा, निरनिराळे संवेदक आणि या सर्वांना ऊर्जा पुरविणारी विद्युत् घटमाला म्हणजेच बॅटरी ही त्याची प्रमुख यंत्रांगे होत. यांपैकी घटमाला तेवढी ऊर्जा पुरविते. बाकीची सर्व ती खर्च करतात. त्यामुळे उपकरण दिवसभर पुरेल की नाही, हे केवळ घटमालेच्या आकारमानावर ठरत नसून इतर यंत्रांगांच्या निवडीवर, तसेच उपकरण कोठे व कसे वापरले जाते यावरही अवलंबून असते. प्रस्तुत नोंदीत या परस्परसंबंधांचे विवेचन केले असून वापराच्या परिस्थितीचे उदाहरण म्हणून मुंबई उपनगर जिल्ह्यातील साकीनाका या औद्योगिक वस्तीचा विचार केला आहे.

इतिहास : दूरध्वनी व संगणक यांची सांगड घालणारे ‘सायमन’ हे उपकरण आयबीएम कंपनीने १९९४ मध्ये अमेरिकेत विक्रीस आणले. त्याचे वजन सुमारे अर्धा किग्रॅ. होते व त्याची घटमाला प्रत्यक्ष वापरात तासभरच टिकत असे. भारतात भ्रमणध्वनी सेवा १९९५ मध्ये सुरू झाली. त्यानंतरच्या दशकात लोकप्रिय झालेली उपकरणे साधी होती. उदा., २००३ मध्ये आलेल्या ‘नोकिया ११००’ या उपकरणात ८५० मिलिअँपिअर-तास क्षमतेची घटमाला असूनही ते एकदा भारित केल्यावर कित्येक दिवस चालत असे. कारण त्याचा पडदा लहान व एकरंगी होता आणि सतत चालणारी माहितीची देवाणघेवाण त्यात नव्हती. २००७ मध्ये आलेल्या पहिल्या ‘आयफोन’मध्ये १,४०० मिलिअँपिअर-तासांची घटमाला व सु. ९ सेंमी. कर्ण असलेला पडदा होता. आजच्या सर्वसाधारण स्मार्टफोनच्या पडद्याचा कर्ण सु. १७ सेंमी. असून त्याचे क्षेत्रफळ पहिल्या आयफोनच्या जवळजवळ तिप्पट आहे. घटमालेची क्षमताही ५,००० मिलिअँपिअर-तास किंवा त्याहून अधिक असते. म्हणजे घटमालेत साठणारी ऊर्जा सुमारे पावणेचार पट वाढूनही रोज भारण करण्याची आवश्यकता कायम राहिली आहे. ऊर्जेचा पुरवठा जसजसा वाढला तसतशी तिची मागणीही वाढत गेली, हे या इतिहासाचे सार होय.

विद्युत् घटमाला : स्मार्टफोनमध्ये लिथियम-आयन प्रकारचा संचायक घट वापरतात. याचे ऋणाग्र ग्रॅफाइटाचे व धनाग्र बहुधा लिथियम कोबाल्ट ऑक्साइडाचे असते. भारण होताना लिथियमाचे आयन (विद्युत् भारित अणू) धनाग्राकडून ऋणाग्राकडे जाऊन ग्रॅफाइटाच्या थरांमध्ये सामावतात व वापराच्या वेळी उलट दिशेने परत येतात. एम्. स्टॅन्ली व्हिटिंगहॅम, जॉन गुडइनफ व आकिरा योशिनो यांच्या १९७० ते १९८५ या काळातील संशोधनातून हा घट सिद्ध झाला. सोनी कंपनीने १९९१ मध्ये तो बाजारात आणला. या कार्याबद्दल वरील तिघांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून देण्यात आले. [⟶ विद्युत् घट].

घटमालेवर छापलेला मिलिअँपिअर-तास हा आकडा विद्युत् भाराचा निदर्शक आहे, ऊर्जेचा नव्हे. ऊर्जा काढण्यासाठी त्यास विद्युत् दाबाने गुणावे लागते. ५,००० मिलिअँपिअर-तास क्षमतेच्या व सरासरी ३·८५ व्होल्ट दाबाच्या घटात सु. १९ वॉट-तास ऊर्जा असते. यावरून साधा हिशेब मांडता येतो. सर्व यंत्रांगे मिळून सरासरी १ वॉट शक्ती घेत असतील, तर उपकरण १९ तास चालेल. २·५ वॉट घेत असतील, तर साडेसात तासांत ते बंद पडेल. खिशात स्वस्थ पडून असताना ०·१ वॉट लागत असेल, तर तेच उपकरण आठवडाभर टिकेल. स्मार्टफोनची निवड करताना क्षमतेच्या आकड्याइतकेच या सरासरी शक्तीकडेही लक्ष देणे आवश्यक असते.

ग्रॅफाइटाऐवजी सिलिकॉनमिश्रित कार्बनाचे ऋणाग्र वापरल्यास तेवढ्याच आकारमानात अधिक ऊर्जा साठविता येते. २०२३ पासून काही उपकरणांत असे घट वापरले जाऊ लागले असून त्यामुळे जाडी न वाढविता ६,००० ते ७,००० मिलिअँपिअर-तासांपर्यंत मजल गेली आहे. तथापि आयन सामावून घेताना सिलिकॉन फार प्रसरण पावत असल्याने त्याचे प्रमाण मर्यादित ठेवावे लागते.

प्रक्रियक : आधुनिक प्रक्रियकात अब्जावधी ट्रँझिस्टर एकाच संकलित मंडलावर असतात. ट्रँझिस्टर उघडझाप करीत असताना खर्च होणारी शक्ती ही मंडलाची विद्युत् धारणा, दाबाचा वर्ग व कंप्रता (दर सेकंदास होणाऱ्या स्पंदांची संख्या) यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असते. दाब वर्गाने परिणाम करीत असल्याने मंद गतीने केलेले काम स्वस्त पडते. उदा., कंप्रता निम्मी केली व त्यामुळे दाब २० टक्क्यांनी कमी करता आला, तर काम होण्यास दुप्पट वेळ लागूनही त्यासाठी लागणारी ऊर्जा मूळच्या सु. ६४ टक्केच असते. याच तत्त्वावर एकाच प्रक्रियकात काही मोठे, वेगवान गाभे व काही लहान, काटकसरी गाभे बसविण्याची पद्धत २०११ नंतर रूढ झाली. संदेश तपासणे, गाणे वाजविणे अशी कामे लहान गाभ्यांकडे, तर छायाचित्रावरील संस्कार, खेळ इ. कामे मोठ्या गाभ्यांकडे सोपविली जातात.

प्रक्रियक जितक्या सूक्ष्म निर्मितितंत्राने बनविलेला असेल, तितका सामान्यतः तो त्याच कामास कमी ऊर्जा घेतो. यामुळे लहान घटमाला व नवा प्रक्रियक असलेले उपकरण काही वेळा मोठी घटमाला व जुना प्रक्रियक असलेल्या उपकरणापेक्षा अधिक काळ टिकते. कार्यस्मृती अपुरी असल्यास आज्ञावल्या वारंवार बंद करून पुन्हा पहिल्यापासून चालवाव्या लागतात व त्यात वेळ आणि ऊर्जा दोन्ही वाया जातात. मात्र गरजेपेक्षा अधिक स्मृतीने घटमालेचा टिकाऊपणा वाढत नाही.

पडदा : पडदा उजळलेला असताना बहुधा तोच सर्वांत मोठा ग्राहक असतो. पडद्याचे दोन प्रकार प्रचलित आहेत. द्रवस्फटिकी पडद्यात मागील बाजूस सतत प्रकाश असतो व स्फटिक तो कमीअधिक अडवितात. त्यामुळे काळे चित्र दाखवितानाही मागचा दिवा जळतच राहतो. कार्बनी प्रकाश-उत्सर्जक द्विप्रस्थांच्या पडद्यात प्रत्येक चित्रबिंदू स्वतंत्रपणे प्रकाशतो व काळा बिंदू पूर्णपणे विझलेला असतो. अशा पडद्यावर काळी पार्श्वभूमी वापरल्यास ऊर्जा वाचते. पण ही बचत उजळपणावर अवलंबून असते. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात २०२१ मध्ये करण्यात आलेल्या अभ्यासात ३० ते ५० टक्के उजळपणास ती केवळ ३ ते ९ टक्के, तर पूर्ण उजळपणास ३९ ते ४७ टक्के आढळली. म्हणजे घरात काळ्या पार्श्वभूमीचा लाभ थोडा, उन्हात मात्र पुष्कळ असतो.

चित्र दर सेकंदास किती वेळा नव्याने रेखाटले जाते, यावरही खर्च अवलंबून असतो. सेकंदाला ६० ऐवजी १२० वेळा रेखाटल्यास सरकणारा मजकूर अधिक नितळ दिसतो, पण पडदा व प्रक्रियक दोघांचेही काम वाढते. काही महाग उपकरणांत हा वेग गरजेनुसार १ ते १२० पर्यंत बदलतो व त्यामुळे स्थिर चित्र पाहताना बचत होते. स्वस्त उपकरणांत बहुधा हा वेग इतका खाली आणता येत नाही. तेथे ६० चा वेग निवडणे हिताचे असते.

रेडिओ : स्मार्टफोन दूरसंचार मनोऱ्याशी रेडिओ तरंगांनी जोडलेला असतो. मनोरा जवळ व मध्ये अडथळा नसेल, तर प्रेषक अत्यल्प शक्तीवर काम करतो. संदेश क्षीण झाल्यास तो आपली शक्ती वाढवितो. चौथ्या पिढीच्या उपकरणांत ही मर्यादा सर्वसाधारणतः ०·२ वॉट असते. पण विवर्धकाची कार्यक्षमता मर्यादित असल्याने घटमालेतून त्याच्या कितीतरी पट शक्ती घेतली जाते. शिवाय माहितीची देवाणघेवाण संपल्यानंतरही रेडिओ काही सेकंद जागा राहतो. म्हणून एकदाच मोठी माहिती घेण्यापेक्षा दर मिनिटाला थोडीथोडी माहिती मागणाऱ्या आज्ञावल्या अधिक खर्चिक ठरतात. भारतात पाचव्या पिढीची सेवा १ ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. जेथे तिचा संदेश क्षीण असतो तेथे उपकरण चौथ्या व पाचव्या पिढ्यांमध्ये सारखे अदलाबदल करते व घटमाला लवकर उतरते. दोन सिम कार्डे वापरल्यास दोन सेवांशी संपर्क राखावा लागतो, हेही लक्षात घ्यावे लागते.

भारण व उष्णता : लिथियम-आयन घट प्रथम स्थिर प्रवाहाने व नंतर स्थिर दाबाने भारित करतात. त्यामुळे पहिला अर्धा भाग झपाट्याने भरतो, तर शेवटचा पाचवा हिस्सा सावकाश भरतो. शीघ्र भारणासाठी अधिक शक्तीचा भारक व त्यास साजेसे अंतर्गत मंडल असावे लागते. केवळ शक्तिमान भारक विकत घेऊन उपयोग होत नाही. बिनतारी भारणात ऊर्जेचा ऱ्हास अधिक व म्हणून उष्णताही अधिक असते.

घटाचे खरे वय दोन मार्गांनी वाढते : भारणाच्या आवर्तनांनी आणि नुसत्या काळाने. साधारणपणे ५०० ते ८०० पूर्ण आवर्तनांनंतर क्षमता मूळच्या सु. ८० टक्क्यांवर येते. काळाने होणारा ऱ्हास उष्णता व पूर्ण भारित अवस्था यांमुळे वेगाने होतो. पूर्ण भारित घट ४०° से. तापमानात वर्षभर ठेवल्यास त्याची क्षमता एक-तृतीयांशापर्यंत घटू शकते. तोच घट निम्म्याहून थोडा कमी भारित करून २५° से. तापमानात ठेवल्यास हा ऱ्हास अगदी अल्प असतो. भारण ८० टक्क्यांवर थांबविण्याची सोय अनेक उपकरणांत असते, तिचे कारण हेच होय. भारणासाठी साधारणतः ४५° से. ही घटाच्या तापमानाची वरची मर्यादा मानतात.

दोषयुक्त घटांत धनाग्र व ऋणाग्र यांचा थेट संपर्क होऊन आग लागण्याचा संभव असतो. नोकिया कंपनीने २००७ मध्ये ‘बीएल-५सी’ जातीच्या सु. ४·६ कोटी घटमालांबाबत सावधगिरीची सूचना दिली होती. सॅमसंग कंपनीने ‘गॅलक्सी नोट ७’ हे उपकरण २०१६ मध्ये घटमालेतील दोषांमुळे बाजारातून परत घेतले.

वापराचे उदाहरण : साकीनाका : अंधेरी-कुर्ला मार्गास साकी विहार मार्ग जेथे मिळतो तो चौक व त्याभोवतालची वस्ती साकीनाका या नावाने ओळखली जाते. खैरानी मार्गावरील लहान कारखान्यांचे गाळे, मालवाहू गाड्यांची ये-जा व सततची वाहनकोंडी ही या भागाची वैशिष्ट्ये आहेत. वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर या मेट्रो मार्गावरील साकीनाका स्थानक ८ जून २०१४ पासून वापरात आहे. रिक्षाचालक, घरपोच माल पोहोचविणारे कामगार व गाळ्यांतील कारागीर अशा अनेकांचा येथील रोजगार स्मार्टफोनशी निगडित आहे. अशा कामगाराचे उपकरण दुपारी बंद पडले, तर त्याला मिळणारी कामेही त्या वेळेपुरती बंद होतात. त्यामुळे वर वर्णिलेल्या बाबींचे त्याच्या दृष्टीने असलेले महत्त्व आर्थिक स्वरूपाचे आहे.

रिक्षाच्या दर्शनी भागावर लावलेले उपकरण जवळजवळ सर्व प्रतिकूल परिस्थितींना एकाच वेळी तोंड देते. उन्हात वाचता यावे म्हणून पडदा पूर्ण उजळपणावर असतो, नकाशा सतत चालू असतो, उपग्रहांकडून स्थाननिश्चिती होत असते, रेडिओ जागा असतो आणि त्याच वेळी भारणही चालू असते. जवळच्या सांताक्रूझ वेधशाळेत १४ एप्रिल १९५२ रोजी ४२·२° से. तापमान नोंदले गेले होते. हवेचे तापमान याहून पुष्कळ कमी असतानाही उन्हात असलेल्या काळ्या पृष्ठभागाचे तापमान ४५° से. ची मर्यादा सहज ओलांडते. तेव्हा उपकरण आपण होऊन भारण थांबविते, पडदा मंद करते व प्रक्रियकाची गती कमी करते. यास पुष्कळदा उपकरणाचा बिघाड समजले जाते; वस्तुतः ती त्याची संरक्षक क्रिया असते. उपकरण सावलीत, वारा लागेल अशा जागी बसविणे व भारण थांब्यावर करणे हा यावरील बिनखर्चाचा उपाय होय.

पत्र्याच्या छताखालील गाळ्यांत व पोटमाळ्यांवर उन्हाळ्यात रात्रीही उकाडा असतो. तेथे उपकरण रात्रभर भारकाला जोडून उशीखाली ठेवल्यास उष्णता व पूर्ण भारित अवस्था ही ऱ्हासाची दोन्ही कारणे एकत्र येतात. याउलट विजेचा खर्च नगण्य असतो. १९ वॉट-तासांचा घट भरण्यास मंडलातील ऱ्हास धरून सु. २५ वॉट-तास लागतात. म्हणजे एका युनिट विजेत तो चाळीस वेळा भरता येतो. खरा खर्च विजेचा नसून अकाली निकामी होणाऱ्या घटमालेचा असतो.

रेडिओच्या दृष्टीनेही हा भाग एकसारखा नाही. येथील मेट्रो मार्ग उन्नत आहे; पण पुढच्याच मरोळ नाका स्थानकावर प्रवासी कुलाबा ते आरे या भुयारी मार्गावर जाऊ शकतात. हा मार्ग ऑक्टोबर २०२४ पासून टप्प्याटप्प्याने सुरू होऊन ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण झाला. भुयारात, तळघरात किंवा लोखंडी पत्र्यांनी वेढलेल्या गाळ्यात संदेश क्षीण झाल्यास रेडिओ पूर्ण शक्तीने मनोऱ्याचा शोध घेत राहतो. संपर्काची आवश्यकता नसेल तेव्हा रेडिओ बंद ठेवल्यास हा खर्च टळतो. उंच इमारतींच्या गर्दीत एकाऐवजी दोन कंप्रतांवरील उपग्रहसंदेश घेणारा ग्राही स्थान अधिक अचूक दाखवितो. माल पोहोचविणाऱ्यास ही सोय अधिक चित्रबिंदूंच्या कॅमेऱ्यापेक्षा उपयुक्त असते. दुचाकीच्या दांड्यावर उपकरण लावणाऱ्याने आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. यंत्राच्या तीव्र कंपनांनी कॅमेऱ्यातील प्रतिमा स्थिर करणारी यंत्रणा बिघडू शकते, अशी सूचना ॲपल कंपनीने २०२१ मध्ये आपल्या उपकरणांबाबत दिली आहे.

पावसाळ्यात भारणाच्या छिद्रात पाणी शिरल्यास तेथील धातूची अग्रे गंजतात. ते वाळेपर्यंत भारण टाळावे लागते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिमी. पाऊस झाला. साकीनाका येथे दरड कोसळून सत्तरहून अधिक माणसे दगावली व शहरातील भ्रमणध्वनी सेवा कित्येक तास विस्कळित झाली. अशा प्रसंगी मनोऱ्यांची सेवा पूर्ववत होईपर्यंत हातातील उपकरणात ऊर्जा शिल्लक असणे हा सोयीचा नव्हे, तर सुरक्षिततेचा प्रश्न असतो. पावसाळ्यात घराबाहेर पडताना पूर्ण भारित उपकरण बाळगण्याने घटाचा थोडा अधिक ऱ्हास झाला, तरी तो समर्थनीय ठरतो.

निवड : वरील विवेचनावरून सर्वांना सारखेच योग्य असे उपकरण असू शकत नाही, हे स्पष्ट होते. दिवसाचा बहुतेक वेळ बाहेर काम करणाऱ्यास उन्हात वाचता येईल असा पडदा, काटकसरी प्रक्रियक, ५,००० मिलिअँपिअर-तास वा अधिक क्षमतेची घटमाला व चांगला रेडिओ ग्राही ही अंगे महत्त्वाची असतात. अतिवेगवान प्रक्रियक व सेकंदाला १२० वेळा रेखाटणारा पडदा यांवाचून त्याचे अडत नाही. कार्यालयात भारणाची सोय असणाऱ्यास लहान घटमालेचे हलके उपकरण सोयीचे पडते. विद्यार्थ्यास पुरेशी स्मृती व डोळ्यांस सुखद पडदा अधिक उपयोगी असतो. उपकरणाच्या जाहिरातीतील प्रत्येक आकडा स्वतंत्रपणे खरा असला, तरी वापरात ते सर्व आकडे एकाच घटमालेत वाटेकरी होतात.

दुरुस्ती व विल्हेवाट : घटमाला हे यंत्रांगांपैकी निश्चितपणे झिजणारे अंग होय. जुन्या साध्या उपकरणांत ती नखाने झाकण उघडून बदलता येत असे. आजच्या बहुतेक उपकरणांत ती आत चिकटविलेली असते व कुशल कारागिरावाचून बदलता येत नाही. तरीही दोन-तीन वर्षांनी घटमाला बदलण्याचा खर्च नव्या उपकरणाच्या किंमतीचा लहानसा अंश असतो. बनावट घटमालांवर क्षमतेचे फुगविलेले आकडे छापलेले असतात व त्यांत संरक्षक मंडलही निकृष्ट असू शकते, म्हणून खात्रीची घटमाला घेणे आवश्यक असते. फुगलेली घटमाला टोचू, दाबू वा भारित करू नये.

यूरोपीय संघाने २० जून २०२५ पासून लागू केलेल्या नियमांनुसार स्मार्टफोनच्या घटमालेत ८०० आवर्तनांनंतर किमान ८० टक्के क्षमता शिल्लक राहिली पाहिजे. भारत सरकारने २४ डिसेंबर २०२२ रोजी दुरुस्तीच्या हक्कासाठी माहितीसंकेतस्थळ सुरू केले. त्याच वर्षी टाकाऊ घटमाला व इलेक्ट्रॉनीय कचरा यांविषयीचे नवे नियमही प्रसिद्ध झाले असून त्यांनुसार जुन्या वस्तू गोळा करून त्यांवर पुनर्प्रक्रिया करून घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. निकामी घटमाला घरच्या कचऱ्यात टाकल्यास कचरागाडीत दाबली जाऊन पेट घेऊ शकते. भंगारात गेल्यास ती फोडणाऱ्याच्या जिवास धोका उद्भवतो. अधिकृत संकलन केंद्राकडे ती सुपूर्त केल्यास तिच्यातील कोबाल्ट, लिथियम व तांबे ही मूलद्रव्ये पुन्हा उपयोगात आणता येतात.